साहित्य : प्लास्टर, ताग, लोखंड

इथे पूर्वी हेरिंग मासे खारवत.
अजूनही एप्रिलात, खाडीवरचा बर्फ तडकू लागला
की गोदामाच्या भिंतींना मिठाचा घाम फुटतो,
आणि मी फडकं घेऊन धावते.
प्लास्टरला मीठ सोसत नाही.

लेम्पी सालोकांगासची एकशे बारा कामं
माझ्या हवाली आहेत.
ब्राँझच्या मुली केव्हाच सासरी गेल्या :
एक बँकेच्या दारात, एक दवाखान्याच्या बागेत,
एक बंदरावर, तिच्या डोक्यावर बारा महिने कुरव पक्षी.
इथे राहिल्या त्यांच्या पांढऱ्या आया,
बाळंतिणीसारख्या चादरी पांघरून,
थकलेल्या, जराशा फुगलेल्या.
लोक येतात, चादर उचलून विचारतात,
"खरी मूर्ती कुठे आहे?"
मी खिडकीतून बंदराकडे बोट दाखवते.
वाद घालत नाही.

लेम्पीने छिन्नी कधी हातात धरली नाही.
ती लिंपायची, थापायची, ओल्या बोटाने पुसायची.
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात.
हिच्या बायांनी नुसत्या थापट्या खाल्ल्या,
आणि देवपण कुणी मागितलंही नव्हतं.

गेल्या वर्षी सत्तेचाळीस नंबरला,
'पाणी वाहणारी', १९५१,
काखेपासून कोपरापर्यंत तडा गेला.
तुर्कूहून याल्मारी आला, गुडघ्यावर बसला,
शेवयीएवढा बारीक कॅमेरा तिच्या दंडात सोडला.
पडद्यावर आम्ही दोघं पाहत होतो :
बर्चची काटकी. कुंपणाची तार.
तागाचं पोतं, त्यावर पिठाच्या गिरणीचं अर्धं नाव.
युद्ध संपलं होतं, टंचाई संपली नव्हती,
हाताला लागेल ते ती कोंबत गेली होती.
आणि कोपराच्या वळणावर
काहीतरी लाल.

हातमोजा होता.
लहान मुलाचा, चार बोटांना एकच खोली
आणि अंगठ्याला वेगळी.

मी ऐलाला फोन केला.
लेम्पीची मुलगी, एक्याऐंशी वर्षांची,
ओउलूहून बसने आली, स्वतःची कॉफी थर्मासात घेऊन.
पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली,
"याच्यासाठी थोबाडीत खाल्लीय मी.
लोकर काय भाव आहे ठाऊक आहे का, म्हणाली होती.
सबंध हिवाळा डावा हात खिशात घालून शाळेत गेले."
हसली. हसू मध्येच कुठेतरी अडकलं.

तिला ठाऊक होतं का, मारताना?
मी विचारलं नाही. याल्मारीने विचारलं.
ऐलाने थर्मासाचं झाकण घट्ट बसवलं,
परत उघडलं.

"काढता येईल," याल्मारी म्हणाला,
"तडा उघडाच आहे, इंचभर कापावं लागेल."
"मग कोपर राहील?"
"बहुतेक."
ऐला उठून सत्तेचाळीस नंबरपाशी जाऊन उभी राहिली,
दोघी सारख्याच उंचीच्या.
तिचा डावा हात आपोआप खिशात गेला.
"असू दे तिथेच," ती म्हणाली. "पण लिहून ठेवा."

म्हणून नोंदपत्रावर, साहित्याच्या रकान्यात,
प्लास्टर, ताग, बर्च, लोखंड यांच्यापुढे
मी लिहिलं : लोकर. लाल. डावी.
मालकीण हयात.
वरून पत्र आलं, शेवटचे दोन शब्द
रकान्याच्या नियमात बसत नाहीत.
मी अजून खोडलेले नाहीत.

तड्यात याल्मारीने नवं प्लास्टर भरलं,
मुद्दाम किंचित राखाडी,
आपलं काम कुणी तिचं समजू नये म्हणून.

थांब्यावर बस दिसू लागली तेव्हा
ऐला एकदम माझ्या कानाशी वाकली :
"उजवा मीच चुलीत टाकला होता. रागाने.
आई तो उन्हाळा लागेपर्यंत शोधत होती."
आणि पायरी चढली,
आठ वर्षांच्या मुलीसारखी,
मागे न बघता.